वेतनमर्यादा आणि बास्केटबॉलचा संघ

बास्केटबॉलच्या मैदानावर एका वेळी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू उतरतात, हे आपल्या शाळेतील लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या व्यावसायिक संघटनेत ते पाच कोण असावेत, हे केवळ प्रशिक्षकाच्या पारखीवर ठरत नाही. त्यापूर्वी जमाखर्चाची वही उघडावी लागते.

तेथे १९८४-८५ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनास मर्यादा घालण्यात आली. पहिल्या वर्षी ती ३६ लाख डॉलर होती. एखाद्या धनाढ्य मालकाने सारे नामवंत खेळाडू आपल्याकडे ओढून सामन्यांतील चुरस नाहीशी करू नये, हा त्यामागील हेतू. मर्यादेचा आकडा संघटनेच्या उत्पन्नाबरोबर बदलतो. मात्र ही भिंत नव्हे, कुंपण होय. आणि कुंपणास फाटके आहेत. आपल्याच जुन्या खेळाडूशी नवा करार करताना संघास मर्यादा ओलांडता येते. बोस्टनच्या लॅरी बर्ड या थोर खेळाडूच्या नावाने ही सवलत ओळखली जाते. परक्या संघातून मोठा खेळाडू आणावयाचा तर मात्र बहुधा मर्यादेच्या आत जागा रिकामी असावी लागते.

अशी जागा कशी मिळते, याचे २०१६ चे उदाहरण मोठे बोलके आहे. गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्या हंगामात ८२ पैकी ७३ सामने जिंकून विक्रम केला होता. अंतिम फेरीत मात्र क्लीव्हलँडने त्यांस हरविले. अशा बलाढ्य संघाकडे जागा उरावी कोठून? पण त्यांचा अग्रणी स्टीफन करी याने २०१२ मध्ये, घोट्याच्या दुखापतींनी त्रस्त असताना, चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाखांचा करार केला होता. पुढे त्याची कीर्ती वाढली, वेतन तेच राहिले! त्यातच दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात मर्यादा ७ कोटींवरून एकदम सुमारे ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करावी, ही संघटनेची सूचना खेळाडूंच्या संघाने आधीच फेटाळली होती. वॉरियर्सनी हॅरिसन बार्न्स व अँड्र्यू बोगट यांस मोकळे केले आणि ओक्लाहोमा सिटीचा केव्हिन ड्युरंट आणला. त्याचे पहिल्या वर्षीचे वेतन सुमारे २ कोटी ६५ लाख, तर करीचे १ कोटी २१ लाख.

२०१७ व २०१८ ची अजिंक्यपदे वॉरियर्सनी जिंकली. समतेसाठी केलेला नियम बलवानाच्याच कामी आला, अशी पुष्कळ ओरड झाली. आमच्या मते वॉरियर्सनी कोणताही नियम मोडला नाही. ज्यांनी ती उडी एका वर्षात होऊ दिली, त्यांच्याकडे बोट दाखविणे अधिक न्याय्य ठरेल.

२०२३ च्या करारात फाटके अरुंद करण्यात आली. खर्चाची एक नवी, वरची रेषा आखली गेली. ती ओलांडणाऱ्या संघास, उदाहरणार्थ, दोन खेळाडूंचे वेतन एकत्र जोडून त्या मोबदल्यात एक महागडा खेळाडू घेता येत नाही. बोस्टनने २०२४ मध्ये अजिंक्यपद पटकाविले. २०२५ च्या उन्हाळ्यात खर्च या रेषेखाली आणण्यासाठी त्या विजयातील दोन आधारस्तंभ त्यांनी सोडले. ज्रू हॉलिडे पोर्टलंडला गेला, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला.