लेकरू रात्री कोणाकडे धावेल?

बोर्डिंगच्या शाळेविषयी आईबापांसाठी एक पाठ

वाचनाचा भाग : १ शमुवेल, अध्याय १ ते ३



उन्हाळा लागला म्हणजे आमच्या लोहारा तालुक्यातील पुष्कळ घरांत एकाच विषयाचे बोलणे चालू होते. खाजगी निवासी शाळांची रंगीत पत्रके गावोगाव येतात. शेजाऱ्याने आपला मुलगा लातुरास किंवा सोलापुरास ठेवलेला असतो, व तो सुटीत येऊन चार इंग्रजी वाक्ये बोलून दाखवितो. मग आई बापास म्हणते, "आपले लेकरू मागे राहील." बाप रात्रभर हिशेब करतो, आणि सकाळी दोघे पाळकाकडे किंवा उपदेशकाकडे येऊन विचारतात, "काय करावे?"

ह्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे म्हणजे त्या लेकरावर अन्याय करणे होय. बोर्डिंग चांगले की वाईट, असा हा प्रश्नच नव्हे. हे बोर्डिंग, ह्या वर्षी, ह्या लेकरास मानवेल काय, हा प्रश्न आहे. त्याचा विचार कसा करावा हे ह्या पाठात पाहू.

१. गरज कोणाची?

आपल्या आजोबांच्या काळी खेड्यातील मुलास चौथीपुढे शिकावयाचे तर घर सोडल्यावाचून गत्यंतर नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास शाहू बोर्डिंग काढले, तेथे निरनिराळ्या जातींची गरीब मुले एकत्र राहून शिकली; बोर्डिंग नसते तर त्यांतील पुष्कळांच्या हातात पुस्तक आले नसते. आपल्या मिशनांच्या बोर्डिंगांनीही हेच काम केले.

आमच्या तालुक्यातच ह्याचा दाखला आहे. हिप्परगा (रवा) येथे १९२१ साली, निजामाच्या राज्यात, एक राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ साली तेथे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे मुख्याध्यापक म्हणून आले. त्यांनी पुढे १९३२ साली संन्यास घेतला, आणि तेच स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी झाले. ती शाळा आश्रमासारखी चाले. इमारत साधी होती, परंतु गुरुजी मुलांमध्ये राहणारे होते. तिचे मोठेपण ह्यात होते.

दुसरा दाखला दुःखाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि सास्तूरसारखी आमची गावे ढिगारा होऊन पडली. कित्येक लेकरे पोरकी झाली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी, पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने, नळदुर्गाजवळ अशा मुलांसाठी निवास व शिक्षणाची सोय केली आणि त्या जागेस नाव दिले 'आपलं घर'. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले पुण्यास नेऊन शिकविली. ज्यांचे घर मातीखाली गेले त्यांस प्रथम घर पाहिजे होते, शाळा त्यानंतर.

म्हणून आईबापांनी पहिला प्रश्न स्वतःस विचारावा : ही गरज लेकराची आहे की आमची? जे कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीस जाते, त्याने मूल कोपीवर नेऊन शाळा बुडविण्यापेक्षा चांगल्या वसतिगृहात ठेवणे बरे. गावाजवळ पुढील शाळा नसेल तरी तेच. परंतु शेजाऱ्याने पाठविले म्हणून, किंवा मूल ऐकत नाही म्हणून त्यास धडा शिकविण्यासाठी पाठविणे हे योग्य नव्हे. शिक्षा म्हणून पाठविलेले मूल शाळेकडे तुरुंग म्हणूनच पाहते.

२. हन्नेचे उदाहरण

हन्नेने शमुवेलास शिलो येथे नेऊन एली याजकाच्या स्वाधीन केले, हे आपण सर्व जाणतो. ह्या गोष्टीवरून कोणी म्हणतात, "लेकरू चांगल्या ठिकाणी सोपविले की आपले काम संपले." परंतु नीट वाचा. हन्ना घाई करीत नाही. पती वार्षिक यज्ञासाठी निघतो तेव्हा ती, मुलाचे दूध तुटेपर्यंत येत नाही, असे सांगून घरी राहते. सोपविल्यावरही ती दरवर्षी लहानसा झगा शिवून घेऊन जाते. झगा अंगास बरोबर यावा म्हणून लेकरू किती वाढले हे तिला ठाऊक असले पाहिजे! दूर असूनही ती त्याचे माप विसरत नाही.

दुसरी गोष्ट आपण सहसा मोठ्याने वाचत नाही. ते पवित्र स्थान होते, तरी एलीचे पुत्र तेथे दुराचार करीत होते, आणि बापाने त्यांस आवरले नाही. यावरून शिकावे की शाळेच्या पाटीवर येशूचे नाव असो, संताचे असो की देशभक्ताचे असो, पाटीवरून आतील चालचलणूक कळत नाही. मिशनची शाळा आहे एवढ्यावरून डोळे मिटू नयेत.

तिसरी गोष्ट ह्या पाठाचे मर्म आहे. रात्री शमुवेलास हाक ऐकू आली. तो उठून कोणाकडे धावला? एलीकडे. एकदा नव्हे, तीनदा. एली वृद्ध होता, दृष्टी मंद झाली होती, झोपेतून उठविला गेला होता. तरी तो त्या पोरावर खेकसला नाही, आणि शेवटी त्याने त्यास योग्य वाट दाखविली. एलीच्या घरात पुष्कळ दोष होते, परंतु लेकरू रात्री निर्भयपणे त्याच्याकडे धावू शकत होते. बोर्डिंग पाहावयास जाल तेव्हा हाच प्रश्न मनात धरून जा.

३. माझा अनुभव

भूकंपानंतर, १९९४ च्या जून महिन्यात, मला अकराव्या वर्षी दूरच्या एका बोर्डिंगात ठेवण्यात आले. आमचे घर पडले होते व आम्ही पत्र्याखाली राहत होतो. वडिलांनी जे केले ते प्रेमानेच केले. तेथे आम्ही घरी लिहिलेली कार्डे व्यवस्थापक वाचून मगच टाकीत. म्हणून मी प्रत्येक कार्डावर लिही, "मी खुशाल आहे." त्या पावसाळ्यात मला पाच रात्री ताप होता. खोलीत कोणी मोठे माणूस झोपत नसे. नववीतील एक मुलगा माझ्या उशाशी बसून राही.

वडील एके दिवशी न कळविता आले. त्यांनी कार्यालयात काही विचारले नाही, मला आवाराबाहेर चिंचेखाली नेले, भाकरी सोडली, आणि म्हणाले, "आता कार्ड वाचणारा कोणी नाही. बोल." मी बोललो. त्यांनी व्यवस्थापकाकडे जाऊन शांतपणे पण स्पष्ट शब्दांत तक्रार केली. पुढच्या वर्षी नवे गृहस्थ आले. ते रात्री दहा वाजता कंदील घेऊन प्रत्येक खाटेजवळून जात, आणि मुलांच्या खोलीलगतच झोपत. शाळा तीच, इमारत तीच, डाळही तितकीच पातळ. परंतु रात्र बदलली. मी तेथेच दहावी झालो, व त्याबद्दल देवाचे उपकार मानतो. पहिल्याच वर्षासारखी सगळी वर्षे गेली असती तर मी काय झालो असतो, हे सांगवत नाही.

४. लेकराची परीक्षा

मूल स्वतः अंघोळ करते काय? आपले कपडे धुते, अंथरूण घालते, पोटात दुखले तर परक्या माणसास सांगते काय? मामाच्या किंवा आत्याच्या घरी आठ दिवस राहून आनंदाने परत येते काय? ज्यास अजून आईजवळ झोपावेसे वाटते त्यास एक-दोन वर्षे थांबू द्यावे. माझ्या मते दहा वर्षांखालील लेकरास, अगदी निरुपाय झाल्याशिवाय, घराबाहेर ठेवू नये.

मुलास विचारल्यावाचून निर्णय करू नये. सर्वांसमक्ष विचारले तर ते तुम्हांस आवडणारे उत्तर देईल. शेतात बरोबर चालताना विचारावे.

५. पैशाची परीक्षा

पत्रकावरील फी ही अर्धी गोष्ट असते. तिच्यात खानावळ, गणवेश, पुस्तके, अंथरूण, औषधपाणी, सहली, अनामत आणि सुटीचे जाणेयेणे मिळवा. आलेल्या आकड्यास एका वर्षाने नव्हे, दहावीपर्यंतच्या वर्षांनी गुणा. मग ध्यानात धरा की फी जूनमध्ये मागतात, तेव्हा आपला पैसा पेरणीत गेलेला असतो. सोयाबीन दसरा-दिवाळीस येते, तूर त्याहून उशिरा. जून ते दिवाळी हे अंतर व्याजाच्या पैशाने भरावे लागत असेल, किंवा मुलीची शाळा सोडवून मुलाची फी भरावी लागत असेल, तर ते शिक्षण फार महाग पडले.

प्रवेशासाठी देणगी मागणे कायद्याने मना आहे. २०११ च्या फी नियमनाच्या कायद्याप्रमाणे खाजगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते. तो ठराव पाहावयास मागावा, आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. तसेच हेही विसरू नये की आपल्या जिल्ह्यात तुळजापूर येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. पाचवीत असताना परीक्षा देऊन सहावीत प्रवेश मिळतो, आणि निदान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. गावची जिल्हा परिषदेची शाळा व घरचा अभ्यास हाही हिशेबात धरावयाचा एक मार्गच आहे.

६. शाळेची परीक्षा

शाळा बहुधा सकाळी दहा वाजता दाखवितात. तुम्ही सायंकाळी सहानंतर पाहण्याची परवानगी मागा. मुलांच्या पंक्तीस बसून जेवा. संडास व न्हाणीघर पाहा. आत कडी आहे काय, पाणी आहे काय, रात्री दिवा असतो काय? किती मुलांमागे एक मोठे माणूस आहे, आणि ते कोठे झोपते? मुलींच्या वसतिगृहात स्त्री अधीक्षक राहते काय, आणि मासिक पाळीच्या वेळी मुलीने कोणास सांगावयाचे? मूल रात्री आजारी पडले तर वाहन कोणते, डॉक्टर कोण? मुलाशी फोनवर एकांतात बोलता येते काय, की कोणी जवळ उभे असते? मोठी मुले लहानांकडून कामे करवितात काय? हे शिक्षकांस नव्हे, सुटीत घरी आलेल्या मुलांस विचारा.

शाळेत मारणे व मानसिक छळ करणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मना आहे. संकटातील मुलासाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. तो प्रत्येक लेकरास पाठ असावा.

भक्तीविषयीही आधी विचारावे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढे ते पुण्यास नेले. धर्माच्या प्रश्नावरून १८९३ साली सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दोष कोणाचा हे येथे ठरवीत नाही. परंतु मुलींचे शिक्षण मात्र मध्येच तुटले. आज राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत मुलास पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही. आपल्या लेकरासाठी हा हक्क आपण मागतो, तर आपल्या संस्थांत येणाऱ्या इतरांच्या लेकरांसही तो मनापासून द्यावा.

७. परत येण्याची वाट

पाठविण्यापूर्वीच लेकरास सांगावे : "दिवाळीपर्यंत राहून पाहा. नाही जमले तर घरी ये. तुला कोणी हसणार नाही." ज्यास परतीची वाट ठाऊक आहे ते मूल अधिक धीराने राहते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून तेथे प्रवेश नाकारता येत नाही. मूल इंग्रजी माध्यमात गेले तरी त्याचे मराठी वाचन-लेखन सुटू देऊ नये, म्हणजे परतणे जड जाणार नाही. मंडळीनेही परत आलेल्या लेकराविषयी कुजबुज करू नये.

पाठविल्यावर झगा शिवण्याचे काम आपले आहे. ठरलेल्या दिवशी जावे, आणि कधी न ठरविता जावे. चिंचेखाली बसवून भाकरी सोडावी, आणि ऐकावे. ज्या शाळेस तुमचे असे येणे खपत नाही, तेथून लेकरास घरी आणावे.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. हन्नेने शमुवेलास सोपविण्यापूर्वी व नंतर काय काय केले?
२. शिलो येथील कोणता दोष लोकांस ठाऊक असूनही आवरला गेला नाही? आपल्या संस्थांत असे काही आपण झाकतो काय?
३. आपल्या गावातील कोणती मुले बोर्डिंगात आहेत? त्यांस ह्या सहामाहीत कोण भेटून आले? ज्यांचे आईबाप ऊसतोडीवर आहेत, त्यांच्याकडे मंडळीतून कोण जाईल?
४. तुमचे लेकरू आज रात्री घाबरले, तर ते कोणाकडे धावेल?