मथळे एकेक करून बदलायचे का?

प्रश्न : पीएचडीचा प्रबंध वर्डमध्ये युनिकोडात टाइप केला आहे. मार्गदर्शकांनी आता सर्व मथळ्यांचा फॉन्ट आणि आकार बदलायला सांगितला आहे. दोनशे पानं पुन्हा चाळावी लागतील का?

उत्तर : नाही. तुम्ही बहुधा प्रत्येक मथळा हाताने ठळक आणि मोठा केला असेल. तो मोठा दिसतो खरा, पण तो मथळा आहे हे वर्डला ठाऊकच नाही. मजकूर काय आहे हे आधी सांगायचं, तो कसा दिसावा हे वेगळं ठरवायचं. त्यासाठीच 'स्टाइल्स' असतात.

एक मथळा निवडा. 'होम'मधल्या 'सिलेक्ट'मध्ये सारख्या फॉरमॅटिंगचा सगळा मजकूर निवडण्याची सोय आहे. ती वापरा आणि 'हेडिंग १' लावा. (मथळे वेगवेगळ्या आकारांत असतील, तर हे प्रत्येक आकारासाठी करावं लागेल.) मग 'हेडिंग १'वर राइट-क्लिक करून 'मॉडिफाय'मधल्या 'फॉरमॅट'मधून 'फॉन्ट' उघडा आणि फॉन्ट व आकार बदला. मराठीसाठी ते 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'च्या रकान्यात निवडायचे. बरेच जण इथेच अडतात, कारण वरच्या रकान्यातला बदल देवनागरीला लागू होत नाही.

अनुक्रमणिकाही हाताने टाइप करू नका. मथळ्यांना स्टाइल लागली की 'रेफरन्सेस'मधून ती आपोआप तयार होते. पान क्रमांक बदलले, तर फक्त 'अपडेट' करा.

मूळ फाइलची एक प्रत मात्र आधी काढून ठेवा.