तीच प्रश्नपत्रिका शिक्षकांनी सोडविली तर?

परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांविषयी पालकांच्या मनात एक प्रश्न असतो. हे गुरुजी आज स्वतः त्या परीक्षेस बसले, तर त्यांना किती गुण मिळतील? असे विचारणे अनादराचे वाटते, म्हणून तो सहसा ओठांवर येत नाही. परंतु १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले (अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपविला). तेव्हापासून हा प्रश्न अनेक शिक्षकांच्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे. त्याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम व्याप्ती पाहू. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. त्यांपैकी भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ व जीवशास्त्राचे ९० प्रश्न. भौतिकशास्त्राच्या नामांकित शिक्षकाने आपल्या विषयात एकही चूक केली नाही, तरी त्याचे गुण होतात १८०. उरलेले ५४० गुण त्याच्या विषयाबाहेरचे आहेत. शिकवणीवर्गात तीन-चार तज्ज्ञ मिळून जे ओझे वाटून घेतात, ते सतरा-अठरा वर्षांचे मूल एकटे वाहते. मुलाला बोल लावण्यापूर्वी हे गणित प्रत्येक घरात एकदा मांडले जावे.

दुसरी बाब वेळेची. नीटमध्ये १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे असतात, म्हणजे प्रश्नास एक मिनिट. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत एका पेपरात ७५ प्रश्न व ९० मिनिटे असत, म्हणजे प्रश्नास ७२ सेकंद. वाढत्या वयाबरोबर शब्दसंपत्ती व अनुभवाने आलेली जाण दीर्घकाळ टिकते; परंतु नवी माहिती झटपट हाताळण्याचा वेग हळूहळू कमी होतो, असे मानसशास्त्राचा अभ्यास सांगतो. शिवाय वर्गात शिक्षक स्वतः निवडलेले, आधी सोडवून पाहिलेले उदाहरण फळ्यावर मांडतो. न पाहिलेला प्रश्न, घड्याळ आणि चुकीच्या उत्तरास वजा होणारा गुण या तिन्हींना एकाच वेळी सामोरे जाण्याचा सराव त्याला उरलेला असतोच असे नाही.

तिसरी बाब तंत्राची. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत कमाल २० टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत आणि ते दोन्ही नोंदविणे बंधनकारक असे. विषय उत्तम जाणणाऱ्या, पण हा नियम न वाचलेल्या पदवीधरानेही तेथे गुण गमावले असते. म्हणजे गुणांत ज्ञानाबरोबर परीक्षेची सवयही मोजली जाते.

तर मग या गुणांवरून शिक्षकाची योग्यता ठरवावी काय? एक साधे उदाहरण घेऊ. एक मनुष्य ताशी ४० किलोमीटर वेगाने गावी गेला व त्याच वाटेने ताशी ६० वेगाने परतला. त्याचा सरासरी वेग किती? अनुभवी शिक्षक सूत्राने क्षणात ४८ म्हणेल. विद्यार्थी बहुधा ५० म्हणेल. परीक्षेत ४८ या उत्तरास गुण मिळतात. अध्यापनाची कसोटी मात्र 'मुलाला ५० का वाटले' हे ओळखण्यात आहे. दोन वेगांची बेरीज करून निम्मे करताना, कमी वेगाच्या प्रवासाला अधिक वेळ लागतो हे त्याने लक्षात घेतलेले नसते. अंतर १२० किलोमीटर धरले, तर जाण्यास तीन तास, येण्यास दोन. एकूण २४० किलोमीटर पाच तासांत. हे मांडून दाखविले की सूत्र पाठ करण्याचे कारण उरत नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयाच्या ज्ञानापासून वेगळे, 'विषय कसा शिकवावा' याचे ज्ञान म्हणून याच गोष्टीकडे लक्ष वेधले. वेगाने उत्तर काढणाऱ्यास मधल्या पायऱ्या कित्येकदा दिसेनाशा होतात; म्हणून अव्वल परीक्षार्थी हा उत्तम शिक्षक असेलच असे नाही.

याचा अर्थ शिक्षकाने परीक्षेपासून दूर राहावे असा मात्र नाही. ज्याला विषयच नीट येत नाही, त्याला मुलाची चूक कोठे झाली हेही कळणार नाही. रोडिगर व कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले, की तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, तो आठवून लिहिण्याची चाचणी देणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवते. जे विद्यार्थ्याला लागू, ते शिक्षकालाही लागू आहे.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. दरवर्षी नवी प्रश्नपत्रिका हाती येताच, उत्तरसूची न पाहता, घड्याळ लावून शिक्षकांनी ती संपूर्ण सोडवावी. मिळालेले गुण फलकावर लावण्याची गरज नाही. कोणत्या प्रश्नापाशी आपण थबकलो, कोठे घाई झाली, कोणता पर्याय फसवा वाटला, याची नोंद मात्र ठेवावी. तीच नोंद पुढील वर्षीच्या वर्गाची उत्तम पूर्वतयारी ठरेल. संस्थांनी त्यासाठी वर्षातील एक दिवस राखून ठेवावा आणि त्या गुणांचा उपयोग शिक्षकांची क्रमवारी लावण्यासाठी कदापि करू नये.

पालकांनीही वर्ग निवडताना शिक्षकाने कधीकाळी मिळविलेला क्रमांक विचारण्याऐवजी, मुलाच्या चुकलेल्या उत्तरपत्रिकेवर तो किती वेळ बसतो हे पाहावे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक आहेत, काही स्वतः शिकवणीवर्ग चालवितात. त्यांनी येत्या परीक्षेनंतर आपल्या विद्यार्थ्यांची प्रश्नपत्रिका एकदा स्वतः सोडवून पाहावी, ही नम्र विनंती.