लहान विमानाचे ब्रेक व विद्युत् साधने : झीज, तपासणी आणि दुरुस्ती

खानापूर तालुक्यातील गुंजी आणि आसपासच्या गावांतील मुलांस विमान ही आता केवळ आकाशात दिसणारी वस्तू राहिलेली नाही. बेळगावजवळील सांबरा येथे १९४२ साली विमानतळ उभारण्यात आला. तेथे वायुसेनेचे प्रशिक्षण केंद्र असून अलीकडच्या काळात वैमानिकांना शिकविणाऱ्या दोन आसनी विमानांची उड्डाणेही सुरू झाली. मे २०२३ मध्ये अशाच एका प्रशिक्षण विमानास तांत्रिक बिघाडामुळे होन्निहाळच्या शिवारात तातडीने उतरावे लागले. सुदैवाने विमानातील दोघांचेही प्राण वाचले. विमानाची देखभाल हा विषय खालच्या शेतांत राबणाऱ्या माणसांशीही किती निगडित आहे, हे अशा प्रसंगी ध्यानात येते.

लहान विमानाशी या भागाचे नाते जुने आहे. कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान तयार झाले व १९५८ साली त्याने प्रथम उड्डाण केले. देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत ही विमाने पुढे दीर्घकाळ वापरात राहिली. लहान विमान नीट राखल्यास अनेक दशके चालते; मात्र त्यातील रबर, अस्तर, तारा व जोड तितके टिकत नाहीत.

ब्रेकचे कार्य

विमानाचे ब्रेक हवेत उपयोगी नसतात. त्यांचे काम जमिनीवर असते. वैमानिकाने पायाखालील पट्टी दाबली की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब येतो, तो नळीतून चाकापर्यंत पोहोचतो आणि पिस्टन ब्रेकचे अस्तर फिरत्या डिस्कवर दाबतो. डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक स्वतंत्र असतात. काही विमानांत पुढचे चाक मोकळे फिरणारे असल्याने संथ गतीत वळण्यासाठीही ब्रेकच वापरावे लागतात. एका बाजूचा ब्रेक निकामी झाल्यास विमान धावपट्टीबाहेर जाण्याचा धोका असतो, तो यामुळेच.

सातशे किलो वजनाचे विमान सेकंदास २५ मीटर वेगाने धावत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा २,१८,७५० ज्यूल होते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ५२ अंशांनी वाढेल. यापैकी काही भाग हवेच्या रोधात खर्च होतो. उरलेल्याचा मोठा वाटा ब्रेकला सोसावा लागतो.

ब्रेकची झीज व दुरुस्ती

१. अस्तर : अनेक लहान विमानांत अस्तराची जाडी सुमारे अडीच मिलिमीटर उरली की ते बदलतात. नेमका आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. नवे अस्तर बसविल्यावर ते विहित पद्धतीने तापवून डिस्कशी जुळवून घ्यावे लागते.

२. डिस्क : घाटमाथ्याच्या पावसाळी हवेत उभ्या राहिलेल्या विमानाच्या डिस्कवर गंज चढतो. गंजाचे खड्डे अस्तर खरवडतात. कॅलिपरच्या खिळ्या गंजल्यास तो मोकळा सरकत नाही व अस्तर एकाच बाजूने झिजते.

३. रबरी कड्या व तेल : जुन्या कड्या कडक होऊन तेल झिरपू लागते. बहुसंख्य लहान विमानांत लाल रंगाचे खनिज तेल वापरतात. मोटारीचे ब्रेक तेल त्यात घातल्यास कड्या फुगून संपूर्ण ब्रेक निकामी होऊ शकतो.

४. हवा : पट्टी मऊ लागणे हे नळीत हवा शिरल्याचे लक्षण होय. हवा वर चढते, यास्तव तेल बहुधा चाकाकडून वर ढकलून ती बाहेर काढतात.

विद्युत् साधने

लहान विमानाच्या पिस्टन इंजिनात ठिणगीसाठी बहुधा दोन मॅग्नेटो असतात व ते बॅटरीवर अवलंबून नसतात. त्यामुळे वीज गेली तरी इंजिन चालू राहते. परंतु रेडिओ, दिवे व काही दर्शक यंत्रे बंद पडतात.

जुन्या विमानात पुष्कळदा दोष यंत्रात नसून जोडांत असतो. इंजिन सुरू करताना स्टार्टर २०० अँपिअर प्रवाह घेत असेल आणि गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.०१ ओहम असेल, तरी तेथे २ व्होल्ट दाब घटतो व ४०० वॉट उष्णता निर्माण होते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून दोन व्होल्ट असे वाया गेल्यास स्टार्टर मंद फिरतो. बॅटरी बदलून हा दोष जात नाही. जोड उघडून, घासून, पुन्हा घट्ट बसविणे हाच त्यावरील उपाय होय.

तारेचे आवरण उष्णतेने ठिसूळ होते व कंपनामुळे धातूच्या कडेवर घासून उघडे पडते. अशी तार केवळ फीत गुंडाळून वापरात ठेवू नये. फ्यूज वारंवार वितळत असेल, तर जाड तार घालण्याची घरोघरी आढळणारी सवय येथे आग लावणारी ठरेल. फ्यूज वितळण्याचे मूळ कारण शोधणे हीच खरी दुरुस्ती.

दुरुस्तीचा अधिकार

विमानाचा सुटा भाग प्रमाणपत्रासह आलेला असावा लागतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या अभियंत्याने काम तपासून नोंदवहीत सही केल्याखेरीज विमान उड्डाणास योग्य ठरत नाही. ही सही म्हणजे अनोळखी माणसांच्या प्राणांची घेतलेली जबाबदारी होय. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेल्या ग्रामीण मुलामुलींसही या शिक्षणाची वाट मोकळी आहे. शिक्षकांनी ती त्यांना अवश्य दाखवावी.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. विमानाचा वेग दुप्पट झाल्यास गतिज ऊर्जा किती पट होईल?
२. जोडाचा रोध ०.००१ ओहमवर आणल्यास वरील उदाहरणात किती उष्णता निर्माण होईल?
३. आपल्या घरातील फ्यूजमध्ये योग्य जाडीची तार आहे काय, हे जाणकाराकडून तपासून घ्या.