भरल्या घरातील अडगळ : निवड आणि व्यवस्था

१. जागा आणि वस्तू

भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच सेक्टरांत विभागलेली कामगारांची वसाहत वसली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे तेथे येऊन राहिली. मराठी कुटुंबांना हा प्रदेश परका नव्हता. मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूर, गोंदिया, राजनांदगाव अशी वाट सरळ होती. शिवाय १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच मोडत असे.

या कुटुंबांनी आपापल्या गावाहून भांडी आणली, गोधड्या आणल्या, धान्याच्या कोठ्या आणल्या. परंतु गावाकडचे घर आणि वसाहतीतील क्वार्टर यांत मोठा फरक होता. गावाकडे माळा, कोठीची खोली, गोठा, परसू अशा जागा असत आणि नको असलेली वस्तू तेथे दोन पिढ्या पडून राहिली तरी कोणाची वाट अडत नसे. क्वार्टरला मोजक्या खोल्या आणि लहानसे अंगण. शिवाय ते नोकरीशी बांधलेले. अशी काही घरे पुढे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. परंतु ज्यांना ती मिळाली नाहीत, त्यांना निवृत्तीनंतर घर सोडावेच लागते. वस्तू कुटुंबाच्या, जागा मात्र मुदतीची, अशी ही स्थिती आहे. म्हणूनच अडगळीचा प्रश्न अभ्यासण्यास भिलाईचे घर हे चांगले उदाहरण आहे.

२. अडगळ कशामुळे साचते?

पसारा आणि अडगळ यांत भेद केला पाहिजे. पसारा म्हणजे वापरातील वस्तू जागेवर नसणे; तो रोज होतो आणि रोज आवरता येतो. अडगळ म्हणजे जिच्याविषयीचा निर्णय पुढे ढकलला आहे अशी वस्तू. बंद पडलेला मिक्सर दुरुस्त करायचा की भंगारात द्यायचा, हे ठरत नाही, म्हणून तो पलंगाखाली जातो. थोरल्या मुलाची पुस्तके धाकट्याला उपयोगी पडतील की नाही, हे कोणी पाहत नाही, म्हणून ती माळ्यावर चढतात. दृष्टीआड सृष्टी झाली की निर्णय कायमचा राहून जातो.

कारखान्याच्या गावात या दिरंगाईला आणखी एक कारण असते. भट्टी रात्रंदिवस चालते आणि माणसे तीन पाळ्यांत काम करतात. रात्रपाळीहून आलेला माणूस सकाळी झोपतो, मुले त्या वेळी शाळेत असतात आणि तो जागा होतो तेव्हा मुले शिकवणीला निघालेली असतात. सर्व माणसे एकाच वेळी घरात आहेत असे तास फार थोडे. परिणामी आवराआवर बहुधा एकट्या गृहिणीकडे येते आणि वस्तूचा मालक समोर नसल्यामुळे तिला ती फक्त इकडून तिकडे हलवता येते.

हा भार केवळ अंगमेहनतीचा नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील नोकरदार जोडप्यांचा अभ्यास डर्बी सॅक्स्बी आणि रेना रेपेटी या संशोधिकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या घराचे वर्णन पसारा आणि अपुरी कामे अशा शब्दांत करणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण दिवसभरात जसे उतरावयास हवे तसे उतरत नव्हते, असे त्यात आढळले. पतींच्या बाबतीत हा संबंध तसा दिसला नाही. अडगळ सर्वांची असली, तरी तिचा ताण सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही, असा याचा अर्थ होतो.

३. कारखान्याकडून घेण्याजोगा धडा

जपानी कारखान्यांत रूढ झालेली एक पंचसूत्री भारतातील अनेक उद्योगांनी स्वीकारली आहे. सेइरी म्हणजे निवड, सेइतोन म्हणजे मांडणी, सेइसो म्हणजे स्वच्छता, सेइकेत्सु म्हणजे ठरलेली रीत आणि शित्सुके म्हणजे शिस्त. यातील क्रम महत्त्वाचा आहे. निवड आधी, मांडणी नंतर. घरोघरी नेमके उलट घडते : जागा पुरेनाशी झाली की आपण नवे कपाट आणतो आणि निवड न केलेल्या वस्तू त्यात भरतो. कपाटाने अडगळ कमी होत नाही, ती झाकली जाते.

कारखान्यात संशयास्पद वस्तूला तांबडी चिठ्ठी लावून ती ठराविक मुदतीपर्यंत वेगळी ठेवतात. ही युक्ती घरातही चालते. ज्या वस्तूविषयी एकमत होत नाही, ती एका पेटीत ठेवून तीवर तारीख घालावी. सहा महिन्यांत कोणी मागितली नाही, तर निर्णय सोपा होतो.

तथापि घर म्हणजे कारखाना नव्हे. यंत्रशाळेतील पान्ह्याला कोणाची आठवण चिकटलेली नसते. म्हणून घरात एक नियम अधिक पाळावा लागतो : ज्याची वस्तू, त्याचा निर्णय. म्हाताऱ्या सासऱ्यांची ट्रंक ते बाहेर गेल्यावर रिकामी करणे ही व्यवस्था नव्हे, तो अविश्वास आहे. लहान मुलालाही आपल्या खेळण्यांतून निवड करू द्यावी. निवड करण्याची सवय तेथूनच लागते.

४. आवरण्याचा क्रम

पहिले स्थान धोक्याच्या वस्तूंना. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाई आणि दुर्ग परिसरात डेंग्यूची मोठी साथ आली आणि तीत माणसे दगावली. हा रोग पसरविणारा एडिस डास घराजवळच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. जुने टायर, फुटके माठ, उघडे डबे, उन्हाळा संपल्यावर तसाच राहिलेला कूलर या त्याच्या आवडत्या जागा. मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला अंडी घालते. ती कोरडी असताना अनेक महिने टिकतात आणि पाणी मिळताच उबतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून पूर्ण डास होईपर्यंत सुमारे आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी आणि अंगणातील भंगार मृगाच्या आधी हलवावे. घराचे आवरणे अंगणापासून सुरू करावे, ते याच कारणासाठी.

दुसरे स्थान रोजच्या वापराच्या वस्तूंना, म्हणजे स्वयंपाकघर आणि कपडे यांना. येथे आठवणींचा अडथळा कमी असतो आणि लाभ रोज दिसतो. मुदत संपलेली औषधे, झाकण हरवलेले डबे, कोणालाच न होणारे कपडे यांपासून प्रारंभ केल्यास घरातील माणसांचा उत्साह टिकतो.

तिसरे स्थान कागदांना. येथे घाई करू नये. सेवापुस्तिकेच्या प्रती, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन यांची कागदपत्रे, जन्म-मृत्यूचे दाखले, गावाकडच्या जमिनीचा सातबारा किंवा छत्तीसगडमधील खसरा आणि बी-१ हे सर्व एका ठिकाणी ठेवावे आणि ते ठिकाण घरातील निदान दोघांना ठाऊक असावे. बाकीची रद्दी या निवडीनंतरच बाहेर काढावी.

शेवटचे स्थान आठवणींच्या वस्तूंना. पत्रे, छायाचित्रे, आजीचे जाते आणि पितळी घंगाळ यांवर आरंभीच हात घातला की काम तेथेच थांबते. निवडीचा सराव झाल्यावर मात्र दहा वस्तूंतून दोन निवडणे जड जात नाही.

५. वस्तू कोठे जाते?

घराबाहेर काढलेली वस्तू नाहीशी होत नाही. तिची जागा बदलते. पोलाद तयार करताना वितळलेल्या लोखंडाबरोबर भट्टीत भंगारही घालतात. म्हणजे मोडकी लोखंडी खाट हा कचरा नसून योग्य जागी न पोचलेला माल आहे. धड कपडे वापरणाऱ्याकडे जावेत, पुस्तके ग्रंथालयाला विचारून द्यावीत. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून ती आणि जुने विजेरी घट साध्या कचऱ्यात टाकू नयेत. मात्र ‘योग्य माणूस भेटेल तेव्हा देऊ’ हीदेखील दिरंगाईच होय. देण्याची तारीख ठरली नाही, तर दानाचे गाठोडे हीच नवी अडगळ होते.

६. निवृत्तीच्या आधी

पोलाद कारखान्यातील कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो. तीस-पस्तीस वर्षांचा संसार त्यानंतर थोड्या महिन्यांत उचलावा लागला, तर निवड होत नाही; सारेच ट्रकमध्ये भरले जाते किंवा सारेच कबाड्याला दिले जाते. दोन्हींत हानी आहे. पहिल्यात अडगळ पुढच्या घरात जाते, दुसऱ्यात जपायचे तेही हरवते. कोणती वस्तू कोणाची, ती कोठून आली आणि कोणाला द्यावी, हे जाणणारी माणसे घरात आहेत तोवरच खरी निवड होऊ शकते. म्हणून दिवाळीपूर्वीची सफाई केवळ जाळी काढण्यापुरती न ठेवता तिला वर्षाच्या निवडीचे रूप द्यावे. असे केल्यास निवृत्तीच्या वेळी आवरायला एकाच वर्षाचे उरते.

अभ्यास

१. आपल्या घरातील एक फळी निवडा. तीवरील प्रत्येक वस्तूपुढे मालकाचे नाव आणि ती शेवटची कधी वापरली, ते लिहा.
२. घरातील सर्व माणसे एकत्र असतात असा आठवड्यातील एक तास शोधा आणि त्या तासात फक्त पाच वस्तूंचा निर्णय घ्या.
३. अंगण, गच्ची आणि खिडक्या पाहून पाणी साचेल अशा जागा मोजा. पुढील आठवड्यात पुन्हा मोजा.
४. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या तीन वस्तूंची हकिकत विचारा आणि ती लिहून ठेवा. लिहून झाल्यावर ती वस्तू ठेवायची की कोणाला द्यायची, हे त्यांनाच ठरवू द्या.