दुसरा भाग सरस कसा?

प्रश्न : मुलीच्या आग्रहाखातर ‘द हंगर गेम्स’ वाचलं. दुसऱ्या भागात तेच दळण असेल असं वाटलं होतं, पण ‘कॅचिंग फायर’ जास्त भावलं. असं का?
– एक वाचक, जामसर (ता. जव्हार)

उत्तर : तुमची शंका रास्त होती. पहिलं पुस्तक (2008) गाजलं की दुसऱ्यात बहुधा फक्त मारामाऱ्या वाढतात. सुझान कॉलिन्स यांनी 2009 मध्ये वेगळाच प्रश्न विचारला : जिंकल्यानंतर काय? नायिका कॅटनिस जीवघेण्या खेळातून जिवंत परतते, पण सुटत नाही. विजययात्रेत अकराव्या जिल्ह्यात एक म्हातारा शीळ घालतो आणि त्याला तिथेच गोळी घालतात. माझ्या मते, खरी कादंबरी तिथून सुरू होते. पहिल्या भागात जीव वाचवायचा होता. इथे आपल्या एका कृतीने इतरांचे जीव जाताहेत, हे तिला कळतं. पुढे 75व्या खेळात जुन्याच विजेत्यांना आखाड्यात उतरवतात. पुनरावृत्तीच ती, पण आता ती सत्तेने उगवलेला सूड ठरते. (घड्याळासारखा आखाडा मात्र मला जरा जास्तच हुशारीचा वाटला.)

शिवाय कादंबरीतलं जिल्ह्यांनी पिकवायचं, राजधानीने खायचं, हे तुमच्याकडे वेगळं समजावायला नको. शेजारच्या मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात.

तिसरा भाग ‘मॉकिंगजे’ (2010) अधिक काळोखा आहे. मुलीबरोबरच वाचा, शेवटावरून तुमचं भांडण होईल.