रोहित पाहायला भिगवणला कधी जावे?

प्रश्न : मुलांना नावेतून रोहित पक्षी दाखवायचे आहेत. डिसेंबरात भिगवणला जावे का?

उत्तर : डिसेंबरात पट्टकादंब, कुरव दिसतील, रोहितांसाठी मात्र फेब्रुवारी-मार्च बरा. तोवर भिगवणजवळच्या उजनी धरणाचे पाणी उतरते आणि चिखलाची बेटे उघडी पडतात. तिथल्या उथळ पाण्यात रोहित चोच उलटी बुडवून बारीक जीव गाळून खातात. धरण तुडुंब असताना अशा जागा कमीच.

कुंभारगाव किंवा डिकसळहून सूर्योदयालाच नाव धरा. नावाडी बहुधा मासेमारी करणारेच. थवा कुठे उतरलाय हे त्यांना नेमके ठाऊक असते. फोटोसाठी थवा उडवायला मात्र सांगू नका. तो हट्ट पर्यटकांचाच असतो, आणि त्याने पक्ष्यांचे खाणे मोडते. मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे ना, ते पैसे देण्याआधी पाहा.